उभा टाका, आडवा टाका

सांध्यावरची जखम शिवायची असेल तर सुई गोल अंगाची, दोन अंगुळे लांब घ्यावी. मांसल जागी तीन अंगुळांची, तिधारी. पोटावर आणि मर्माच्या ठिकाणी धनुष्यासारखी वाकलेली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला पंचविसावा अध्याय सुयांचा असा नेमका हिशोब मांडतो. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्यापाशी बसून सुश्रुताने ही विद्या घेतली असे परंपरा सांगते. ग्रंथावर पुढच्या शतकांत अनेकांचे हात फिरले हे खरे, पण शिवणकामाच्या या भागात एका अनुभवी माणसाचा हात जाणवतो. टाक्याचे प्रकार चार: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. यातला तुन्नसेवनी म्हणजे जवळजवळ रफूच. दोऱ्यासाठी ताग, जवसाचा धागा, झाडांच्या साली, स्नायू, केस असे पर्याय दिले आहेत. नवव्या अध्यायात शिष्याने आधी हात कशावर बसवायचा तेही सांगितले आहे. तलम आणि जाड कापडाच्या कडा घे, मऊ कातड्याच्या कडा घे, आणि शिवून बघ.

या सगळ्यात एक सूचना अशी आहे की ती आजच्या कोणत्याही सांधे-शल्यविशारदाला वाचून दाखवली तर तो मान डोलावेल. टाका कडेपासून फार लांब घेऊ नये आणि फार जवळही घेऊ नये. लांब घेतला तर जखमेच्या ओठांना त्रास, आणि जवळ घेतला तर तो मांस कापून बाहेर येतो. टाका सुटण्याचे कारण दोरा तुटणे हे क्वचितच असते. बहुतेक वेळा दोरा शाबूत राहतो आणि ज्यातून तो गेला ते मांसच चिरते. गुडघ्यातली फाटलेली गादी शिवणाऱ्यांचे सगळे शास्त्र गेली चाळीसएक वर्षे याच एका गोष्टीभोवती फिरते आहे.

सुश्रुताला अर्थातच ही गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवायची नव्हती. त्याच्या सुया सांध्यावरच्या उघड्या जखमांसाठी होत्या. गुडघ्याला, म्हणजे जानूला, त्याने मर्मांत धरले आणि तिथे इजा झाली तर माणूस लंगडा होतो असे नोंदवले. आत काय फाटते, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

आत असतात दोन अर्धचंद्राकृती चकत्या, याच त्या गाद्या: एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मांडीच्या हाडाचे टोक गोल आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. गोलाला सपाटीवर बसवण्यासाठी या दोन चकत्या पाचरीसारख्या कडेने सरकवलेल्या असतात. बाहेरच्या कडेला जाड, आतल्या कडेला पात्यासारख्या पातळ. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार त्या उचलतात, आणि गुडघा काटकोनात वाकला की ८५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्या जागच्या जागी थिजलेल्या नसतात. गुडघा वाकतो तशा मागे सरकतात: आतली सरासरी पाचएक मिलिमीटर, बाहेरची अकराएक. आतली कमी हलते, म्हणूनच ती जास्त अडकते आणि जास्त फाटते.

आता त्याच काशीचे, म्हणजे बनारसचे, आखाडे बघा. तुळशी घाटावरच्या स्वामीनाथ आखाड्यापासून गल्लीबोळांतल्या मातीच्या हौदांपर्यंत, पहाटेचा व्यायाम म्हणजे दंड आणि बैठका. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी १९८०च्या दशकात इथल्या राम सिंह आखाड्यात संशोधन करून जे पुस्तक लिहिले (ते १९९२ साली आले), त्यात या बैठकांना आणि त्यांमागच्या ब्रह्मचर्य-दूध-तुपाच्या जीवनपद्धतीला प्रकरणेच्या प्रकरणे दिली आहेत. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला त्यात परके काही वाटणार नाही. बनारसजवळच्या कुटुंबातला नरसिंह यादव मुंबईत वाढला आणि २०११ ते २०१३ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, इतके हे दोन प्रदेश कुस्तीने जोडलेले आहेत. बैठकीत गुडघा पूर्ण मिटतो आणि गादीचा मागचा कोपरा दोन हाडांमध्ये दाबला जातो. निरोगी गादी हे वर्षानुवर्षे सोसते. घात होतो तो बहुधा कुस्तीत: पाय मातीत रुतलेला, अंगावर दुसऱ्याचे वजन, आणि गुडघा वाकलेला असताना अचानक पीळ. गादी लांबीला चिरते. कधी चिरलेला भाग बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकतो आणि पाय सरळच होत नाही.

अशा गादीचे करायचे काय, यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन ब्रिटिश शल्यविशारदांची दोन टोकांची मते होती. एडिंबराच्या थॉमस अॅनंडेल यांनी नोव्हेंबर १८८३ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली सुटलेली गादी तातेच्या दोऱ्याने जागेवर शिवून टाकली. दहा आठवड्यांनी तो कामावर परतला. जंतुविरहित शस्त्रक्रिया तेव्हा नवी होती, गुडघा उघडणे म्हणजे पाय गमावण्याचा जुगार होता, हे लक्षात घेतले तर हे धाडस आजही थक्क करते. पण ऐकले गेले ते लंडनच्या जॉन ब्लँड-सटन यांचे. १८९७ साली त्यांनी गादीला पायाच्या स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरवले. निरुपयोगी वस्तू फाटली तर काढून टाकायची, एवढे सोपे. पुढची अनेक दशके जगभर फाटलेल्या गाद्या अख्ख्या उपटल्या गेल्या आणि खेळाडू काही महिन्यांत मैदानावर परतले म्हणून सगळे खूश होते. १९४८ मध्ये शल्यविशारद फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो तपासले. सांध्यातली फट अरुंद झालेली, हाडाच्या कडेला कंगोरे आलेले, गोलाई सपाट झालेली. गादी गेली की हाड झिजते, हे त्या चित्रांत स्वच्छ दिसत होते, तरी सवय मोडायला आणखी तीस वर्षे लागली.

मग शिवण परत आली. १९६९ मध्ये टोकियोत हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून पहिली शिवण घातली आणि १९८०च्या दशकापासून तंत्रांची रांग लागली. एकात लांब लवचीक सुया सांध्याच्या आतून बाहेर काढायच्या आणि मागे छोटा छेद घेऊन गाठी कातडीखाली बांधायच्या. दुसऱ्यात सुई बाहेरून आत. तिसऱ्यात सगळे आतच: बाहेर छेद नाही, नळीतून सोडलेले उपकरण गादीच्या पलीकडे अडकून बसते. प्रत्येक तंत्राचा पुरस्कर्ता आपली शिवण पक्की म्हणत होता. तेव्हा कोणीतरी वजन टांगून बघणे भागच होते.

पद्धत अशी. डुकराच्या किंवा मृतदेहाच्या गुडघ्यातली गादी काढायची, तिला ठरावीक लांबीची चीर द्यायची, एका पद्धतीने शिवायची. मग चिरेपलीकडचे दोन भाग यंत्राच्या चिमट्यांत धरून ओढत जायचे आणि शिवण सुटेल तो आकडा लिहायचा. आकडा न्यूटनमध्ये येतो. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजनाचा ओढा.

१९९५च्या एका प्रयोगात उभा टाका सुमारे ६७ न्यूटनला सुटला आणि आडवा सुमारे २९ला. दोरा तोच, गादी तशीच, हात तेच. फक्त दोऱ्याच्या फासाची दिशा बदलली आणि ताकद निम्म्याहून खाली आली. टेक्सासच्या अॅलन बार्बर यांनी २००० साली डुकराच्या गाद्यांवर तेव्हा बाजारात असलेली सगळी उपकरणे एका ओळीत तपासली. दुहेरी उभा टाका ११३ न्यूटन. साधा उभा ८०. आडवा ५६. आणि त्या काळी ज्याची सर्वाधिक चलती होती तो विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा काटेरी बाण, ३३. दोन प्रयोगांतले आकडे जुळत नाहीत, कारण गाद्या वेगळ्या, ओढण्याचा वेग वेगळा. क्रम मात्र हटत नाही.

कारण गादीच्या घडणीत आहे. तिच्यातले कोलॅजनचे मजबूत तंतू अर्धचंद्राच्या वळणाने, एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत, एकमेकांना लागून धावतात. उसाची मोळी डोळ्यांसमोर आणली तर बाकी सांगावे लागत नाही: दोर मोळीला आडवा वेढला तर सगळे ऊस आवळून धरतो, उसांच्या लांबीलाच लावला तर दोन उसांच्या फटीतून सरकून येतो. शल्यविशारद ज्याला उभा टाका म्हणतात तो तंतूंच्या जुडीला वेढा घालतो. आडवा टाका तंतूंच्या दिशेनेच पडतो आणि ओढ बसली की त्यांच्या मधून चिरत निघतो. इथे आडव्या-उभ्याचा गोंधळ नवशिक्यांचा नेहमी होतो, कारण नावे गादीच्या उंचीवरून पडली आहेत, तंतूंवरून नाही.

बाणाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तीत बाजार आणि प्रयोगशाळा दोघांचाही धडा आहे. बाण काही मिनिटांत बसत असे, मागे छेद नको, मदतनीस नको. १९९०च्या दशकात तो हातोहात खपला. यंत्राने त्याला नंतर ३३च दिले. तरी सुरुवातीचे रुग्ण बरे होत होते, म्हणून तेवढे पुरे असे वाटले. एका अमेरिकी गटाने आपल्याच रुग्णांचा पाठपुरावा केला: सव्वादोन वर्षांनी ९० टक्क्यांहून अधिक यशस्वी, आणि साडेसहा वर्षांनी तेच ७१ टक्क्यांवर. कुठे बाणाचे डोके वर राहून समोरच्या हाडावरची गुळगुळीत कूर्चा खरवडत होते, कुठे बाण विरघळण्याआधी मोडत होता. पुढच्या पिढीची उपकरणे मग बाण सोडून दोऱ्याकडे वळली: दोन इवल्या खुंट्या गादीमागे अडकवायच्या आणि त्यांच्यामधला सरकगाठीचा दोरा घट्ट ओढायचा. ही उपकरणे उभ्या टाक्याच्या जवळपास ताकद देतात आणि आज सर्वाधिक वापरली जातात. दोराही बदलला. जुना विरघळणारा किंवा पॉलिएस्टरचा धागा जाऊन त्याजागी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचा आला, तो तर हाताने तुटता तुटत नाही. त्याने चिरण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही, उलट थोडा वाढला. न तुटणारा बारीक दोरा मऊ गादीला अधिक सहज कापतो.

इथवर सगळे यंत्राच्या बाजूने चालले आहे. आता शंका. जिवंत गुडघ्यातली शिवण कोणी दोन चिमट्यांत धरून ओढत नाही. माणूस उभा राहतो तेव्हा लांबीच्या चिरेच्या दोन कडा बहुतेक वेळा एकमेकींवर दाबल्या जातात. मृतदेहांच्या गुडघ्यांत टाक्यांना संवेदक जोडून मोजले तेव्हा साध्या हालचालीत टाक्यावरचा ताण दहा न्यूटनच्याही आत भरला. म्हणजे एक किलोसुद्धा नाही. मग ८० आणि ११३ची शर्यत कशासाठी? अलीकडचे प्रयोग म्हणूनच शेवटच्या आकड्यापेक्षा वेगळे विचारतात. पाच ते वीस न्यूटनची हलकी ओढ हजार वेळा देऊन चीर किती मिलिमीटर उघडते ते पाहतात. गुडघा रोज एकदा जोराने तुटत नाही, हजारदा हळूच हलतो, हे प्रयोगशाळेने उशिरा ध्यानात घेतले.

आणि एक फार मोठी गोष्ट यंत्रावरच्या गादीत नसतेच. रक्त.

१९३६ साली अमेरिकेत डॉन किंग यांनी कुत्र्यांच्या गाद्या कापून पाहिल्या. चीर बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल तर भरते, आतल्या आत राहिली तर भरत नाही. १९८२ मध्ये अरनॉक्झ्की आणि वॉरन यांनी मानवी गाद्यांत शाई भरून रक्तवाहिन्या दाखवल्या. त्या बाहेरच्या कडेपासून रुंदीच्या दहा ते तीस टक्क्यांपर्यंतच पोहोचतात. पुढचा पट्टा रक्ताविना, सांध्यातल्या वंगणावर जगतो. शिवण कितीही उभी घाला, या कोरड्या पट्ट्यात गादी सांधणारे कोणी येतच नाही. टाका फक्त वाट बघतो.

टाका वाट बघतो आणि ताकद शरीर आणते, या मुद्द्यावर खुद्द बनारसमध्ये काम झाले आहे. काटिल नरसिंह उडुपा उडुपीकडचे. काशी हिंदू विद्यापीठात आयुर्वेद शिकले, मग मिशिगनला जाऊन आधुनिक शल्यतंत्र. बोस्टनमध्ये एंगलबर्ट डन्फी यांच्याबरोबर त्यांनी १९५५ साली जखम भरतानाच्या रासायनिक पायऱ्यांवर जो निबंध लिहिला तो शल्यशास्त्रात पुढे पुष्कळ उद्धृत झाला. पहिले काही दिवस कच्चा माल गोळा होतो, कोलॅजनची खरी बांधणी त्यानंतर सुरू होते. तोवर जखम टाक्याच्याच आधारावर उभी असते. १९६० मध्ये विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा त्याची धुरा उडुपांकडे आली. तीच संस्था १९७१ पासून आयुर्विज्ञान संस्थान म्हणून ओळखली जाते, सर सुंदरलाल रुग्णालय तिचेच. इथे उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी हाडजोड, म्हणजे आपली कांडवेल, हिच्यावर प्रयोग केले. १९६४च्या त्यांच्या निबंधात किरणोत्सारी कॅल्शियमने मोजमाप आहे आणि त्याच्या जोडीला सांधणाऱ्या हाडाच्या ताकदीचीही यांत्रिक तपासणी आहे. वेलीचा अर्क दिलेल्या जनावरांचे हाड लवकर ताकद धरते असा त्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष किती टिकला हा वेगळा वाद. लक्षात घेण्यासारखी आहे ती त्यांची मोजण्याची वेळ: जोडल्या क्षणी नव्हे, तर भरत असताना. मेनिस्कसच्या बहुतेक प्रयोगांत नेमके हेच नसते, कारण डुकराची मेलेली गादी सहा आठवड्यांनी भरत नाही.

मग रुग्णांचे आकडे काय म्हणतात? २०१२ साली पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा असलेल्या पाहण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा कोणत्याही तंत्रात अपयशाचे प्रमाण २० ते २४ टक्क्यांच्या आसपासच निघाले. त्याच वर्षी दुसऱ्या संकलनात आतून-बाहेर आणि सगळे-आतच या दोन पद्धती शेजारी ठेवल्या: १७ आणि १९ टक्के. यंत्रावर दुप्पट-तिप्पट अंतर असलेल्या शिवणी माणसांत एकाच रेषेवर येतात. याउलट एका गोष्टीने खरोखर फरक पडतो. गुडघ्यातले फाटलेले पुढचे लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधणारा पट्टा, त्याच वेळी नवे बसवले, त्यासाठी हाडात भोक पाडले आणि सांध्यात मज्जेचे रक्त उतरले, की गादी जास्त वेळा भरते. त्यामुळे लिगामेंट ठीक असतानाही काही शल्यविशारद हाडात मुद्दाम छोटी भोके पाडून रक्त आणतात.

तरी यंत्र अगदीच खोटे नाही. लांबीच्या चिरेत ते अतिशयोक्ती करते. गादी आरपार, त्रिज्येच्या दिशेने फाटली की तेच यंत्र खरे बोलते. तिथे सगळे तंतू कापले गेलेले असतात, भार पडला की दोन कडा खरोखर एकमेकींपासून दूर ओढल्या जातात आणि चीर जोडणारा टाका तंतूंना समांतरच पडणार. मग आधी तंतूंना वेढणारे दोन उभे टाके घालायचे आणि त्यांच्या आड मुख्य टाके अडकवायचे, म्हणजे ते चिरत सरकले तरी अडून राहतात.

सर्वांत अवघड ती मुळापासून उखडलेली गादी. आतल्या गादीचे मागचे मूळ हाडातून सुटले की सांध्यावरचा दाब जवळपास अख्खी गादी काढल्याइतका होतो, हे २००८च्या प्रयोगाने दाखवले. ही इजा पहिलवानांपेक्षा मध्यमवयीन बायकांत जास्त दिसते. जमिनीवर बसून उठताना, पायरी उतरताना मागे कट्‌कन आवाज होतो. उकिडवे बसणे, मांडी घालणे ज्या समाजांत रोजचे, तिथे ही दुखणी अधिक. घाटांच्या पायऱ्या आणि खाली बसून केलेली पूजा यांच्या शहरात ती नसती तरच नवल. इथे शिवण म्हणजे मुळाला दोरे घालायचे, नडगीच्या हाडातून बोगदा पाडून ते पुढे काढायचे आणि बटणावर आवळायचे. हाडाकडचे टोक पक्के असते. ढिले होते ते पुन्हा तिथेच, जिथे दोरा गादीत शिरतो.

शस्त्रक्रियागृहात निवड नेहमी आकड्यांवर होत नाही. सगळे-आतच उपकरण नगाने विकले जाते आणि मोठ्या चिरेला तीन-चार लागतात. लांब सुया आणि धाग्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. पण सुया बाहेर काढायच्या तर मागे छेद हवा, दुसरा जाणता मदतनीस हवा, आतल्या बाजूला सॅफिनस नस आणि बाहेरच्या बाजूला पाऊल उचलणारी नस सांभाळायला हवी. पूर्वांचलातून आणि बिहारमधून बनारसला येणाऱ्या, खिशातून पैसे मोजणाऱ्या रुग्णासाठी स्वस्त सुई आणि उभा टाका ही कमअस्सल निवड ठरत नाही, असे वरचे रुग्णांचे आकडे सुचवतात.

पुढचे काम पट्ट्याचे आणि कुबड्यांचे. साधारण चार ते सहा आठवडे गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, खोल बैठक निदान चार महिने बंद, मूळ किंवा आरपार चीर शिवली असेल तर पूर्ण भारही उशिरा. तरुण पहिलवानाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो. बनारसच्या आखाड्यांत नागपंचमीला कुस्त्या होतात, जोडी आणि गदा फिरवण्याच्या स्पर्धा होतात. होळीच्या सुमारास गादी शिवली तर श्रावणात उतरता येईल का? होळी ते नागपंचमी सहसा पाच महिनेही भरत नाहीत. जोडी उभ्याने फिरवायची असते, ती कदाचित जमेल. कुस्ती पुढच्या वर्षी.